कड्यावरचा शंख

हौनुहा गावात रेडिओ लागत नसे. गावाच्या पाठीशी डोंगर असा उभा होता, की राजधानी होनियाराहून निघालेला आवाज पलीकडच्या उतारावरच अडायचा आणि अलीकडे यायची ती नुसती खरखर. ऐकायचं तर जागा एकच, समुद्रात पुढे घुसलेला कडा. पण त्या कड्यावर घारीच्या कुळातले जुने नायक पुरलेले होते आणि तिथं पाय ठेवायचा अधिकार त्याच कुळातल्या पुरुषांना होता. त्यांतले कडा चढू शकतील असे आता दोघेच उरले होते. एक एलिसन वागासी आणि दुसरा त्याच्या बहिणीचा मुलगा डन्स्टन. डन्स्टन देशाच्या संघातून फुटबॉल खेळायला गेला, तेव्हापासून एलिसन एकटाच.

एलिसनचा स्वतःचा मुलगा हेड्ली कड्यावर कधी गेला नव्हता. कूळ आईकडून येतं. हेड्लीची आई नेस्टा मुशी माशाच्या कुळातली, म्हणून हेड्लीही मुशीचा. लहानपणी डन्स्टन मामाच्या मांडीला मांडी लावून वर रेडिओ ऐकत बसायचा आणि हेड्ली खाली केवड्याच्या बनापाशी उभा राहून ओरडायचा, "बाबा, किती झाले? बाबा, कुणी मारला?" वाऱ्यात अर्धं ऐकू यायचं, अर्धं नाही. एलिसन खाली उतरला की हेड्ली त्याचा हात धरून गावापर्यंत सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारायचा.

आणि एलिसन सांगायचाही असा, की ऐकतच राहावं. एरवी तो अबोल माणूस. सभेत कोपरा धरून बसणारा, बायकोनं दोनदा विचारल्यावर एकदा बोलणारा. पण फुटबॉलचं काही निघालं की त्याच्या अंगात वारं भरायचं. ब्राझीलसाठी त्यानं आपली होडी पिवळी रंगवली होती. "छपरातून पाणी गळतंय आणि होडीला रंग," असं नेस्टा आल्यागेल्याला सांगायची. त्याचा मेव्हणा बार्नाबास जर्मनीच्या बाजूचा, कारण कधी काळी एका जर्मन शिडाच्या बोटीवरच्या माणसानं त्याला कुऱ्हाड दिली होती. विश्वचषकाच्या महिन्यात अर्धं गाव पिवळं आणि अर्धं गाव कुऱ्हाडीचं होई.

गावात पूर्वापार शंख फुंकला जाई तो कुणी मेलं तर, वादळ दिसलं तर, नाहीतर मोठ्या मासळीचा थवा आला तर. शंख घारीच्या कुळाकडे असे. त्यावर गावात, पोखरलेल्या ओंडक्याच्या नगाऱ्यावर, दोन ठोके पडत, म्हणजे ऐकलं, विश्वास ठेवला. शंख धरणाऱ्यानं खोटं बोलायचं नाही असा नेम होता. त्या शंखावर एलिसननं फुटबॉल चढवला. म्हातारे आधी कुरकुरले. पुढे मात्र सामन्याच्या दिवशी तेच सगळ्यांच्या आधी निरफणसाच्या झाडाखाली येऊन पान-सुपारीची पुडी सोडून बसू लागले. आपला गोल झाला की एक लांब आणि दोन आखूड. त्यांचा झाला तर दोन खालच्या सुरातले. हरलो तर एकच लांब, मरणाला फुंकतात तसा. मग एलिसननं खाली यायचं आणि सगळा सामना पहिल्यापासून सांगायचा.

त्या वर्षी ऑकलंडला न्यूझीलंडशी गाठ होती. जिंकलो असतो तर विश्वचषकाला एकच पायरी उरली असती. एवढ्या वर आपली बेटं कधी पोचली नव्हती, आणि संघात हौनुहाची दोन पोरं, डन्स्टन आणि हेड्ली.

सकाळी एलिसन दाराशी चटईवर बॅटऱ्या मांडून त्यांना ऊन दाखवत होता. बार्नाबास काठी टेकत आला.

"काय दाजी, बॅटऱ्या वाळवताय की खोबरं?"

"तू तुझ्या जर्मनीचं बघ."

"जर्मनी गेली खड्ड्यात. आज माझा भाचा खेळतोय."

"माझाही भाचा खेळतोय. वर मुलगाही खेळतोय. म्हणजे माझे दोन आणि तुझा एक."

"मुलगा कसला तुमचा!" बार्नाबास चार घरांना ऐकू जाईल असं म्हणाला. "नाव तेवढं तुमचं. कूळ आमचं, रक्त आमचं, आणि पाय तर माझ्यावरच गेलेत."

"मग गोल व्हायची आशा सोडा," आतून नेस्टा म्हणाली, आणि चार घरं हसली.

बार्नाबास गेल्यावर ती बाहेर आली. हातातला नारळ तसाच धरून उभी राहिली.

"हरले तर?"

"आज हरायचं नाही."

"जसपरच्या आईलाही असंच वाटलं होतं."

"तोंड गोड ठेव गं," एलिसन म्हणाला. पण बॅटऱ्या उलटसुलट करणारा त्याचा हात थांबला.

जसपर गोलरक्षक होता. बरीच वर्षं झाली. ताहितीशी खेळताना त्याच्या पायांमधून एक साधा चेंडू आत गेला. बार्नाबास गावचा गाणं रचणारा. त्यानं जसपरवर गाणं केलं, 'जसपरच्या पायांतून होडी जाई, होडीमागून खेकडा जाई', आणि पोरं, बाया, म्हातारे सगळ्यांनी ते म्हटलं. एलिसननंही म्हटलं, अगदी गळा काढून. पोरगं किनाऱ्यावर उतरलं, गाणं ऐकलं आणि त्याच जहाजानं परत गेलं. ते आलं नाही. जहाजाचा भोंगा वाजला की त्याची आई अजून अंगण झाडते.

दुपारी एलिसन कड्यावर जाऊन बसला. खाली निरफणसाखाली माणसं मुंग्यांसारखी दिसत होती. ऑलिव्ह, त्याची बहीण, डन्स्टनची आई, वाटेत आडवी येऊन पानात गुंडाळलेलं भाजकं रताळं त्याच्या हातात देऊन गेली होती. नवरा गेल्यापासून ती एकटीच होती. लहानपणी हेड्ली जितका आपल्या घरी जेवला तितकाच तिच्याकडे.

न्यूझीलंडनं आधी गोल केला. एलिसननं दोन खालचे सूर फुंकले. नगाऱ्याचे ठोके आले, पण ओले झाल्यासारखे. मग दुसऱ्या अर्ध्यात डन्स्टननं डावीकडून चेंडू आत टाकला आणि मलाईता बेटावरच्या एका पोरानं तो डोक्यानं आत घातला. एलिसन उठून उभा राहिला. शंख तोंडाला लावायचं भान त्याला जरा उशिरानंच आलं. लांब, आखूड, आखूड. खालून आधी आरोळी आली आणि मग नगारा, दोन ठोके कसले, हात दुखेपर्यंत. एलिसनला वाटलं, हे ऐकायलाच आपण जन्माला आलो असू.

बरोबरी सुटेना. जादा वेळही संपला. मग पेनल्ट्या, दोन्हीकडून पाच-पाच.

डन्स्टनचा फटका तिसरा होता. त्यानं कोपऱ्यात असा मारला की रेडिओवरचा माणूस हसला. हेड्लीचा पाचवा. तो जायलाच हवा होता, नाहीतर संपलं.

एलिसननं डोळे मिटले. त्याला हेड्लीची चाल माहीत होती. उजवा खांदा पाडून धावायचा तो, बार्नाबाससारखा. रेडिओवरचा माणूस म्हणाला, "वागासी पुढे येतो आहे. मारला! वर! वरून गेला! दांड्यावरून वर! संपलं. वागासी डोकं धरून खाली बसला आहे."

मग पुष्कळ लोकांचा आवाज आला, आणि तो सगळा परक्यांचा होता.

पहिल्यांदा शंखातून नुसती हवा गेली. दुसऱ्यांदा सूर लागला. एकच, लांब. नगाऱ्याचे दोन ठोके आले. मुंग्या जागच्या हलल्या नाहीत. आता त्या एलिसनची वाट बघत होत्या.

उतरताना त्याचं लक्ष वाटेकडे नव्हतं. हेड्लीचं मन लहानपणापासून हळवं. मासा निसटला तरी दिवसभर न जेवणारा. जसपर त्याच्याहून दणकट होता, तरी टिकला नाही. गाणं होणार. भाच्यावर आहे म्हणून बार्नाबास नाही करणार, पण दुसरं कुणी करेल, किंवा गाण्याविनाच लोक बघतील, आणि त्या बघण्यानं पोरगं परत फिरेल. केवड्यापाशी एलिसन थांबला. इथंच उभा राहायचा तो. किती झाले बाबा, कुणी मारला.

निरफणसाखाली माणसांनी त्याला वाट करून दिली. बार्नाबासनंच तोंड उघडलं.

"पेनल्ट्यांवर गेलं ना?"

"हो."

"कुणाची हुकली, दाजी?"

एलिसननं सगळ्यांकडे पाहिलं. नेस्टा पुढेच बसली होती, हात मांडीवर उपडे ठेवून. तिला कळलं असावं असं त्याला वाटलं. आणि त्या एका श्वासात त्यानं हिशेब केला, त्या गावातलाच माणूस करील असा. हेड्लीचं नाव तोंडून काढायचं नाही. परक्या कुळाच्या पोराचं खोटं नाव घेतलं तर त्या कुळाला दंडाचं डुक्कर द्यावं लागतं, भांडण होतं. डन्स्टन घारीचा, आपला. आपल्या माणसाविषयी आपण काही बोललो तर ते घरातल्या घरात. शिवाय तो हसरा, खांद्यावरून पाणी झटकावं तशी गोष्ट झटकणारा. त्याला काय होतंय?

"डन्स्टनची," एलिसन म्हणाला.

कुणीतरी मोठा श्वास सोडला. नेस्टाचे हात उलटे होऊन तळवे वर आले. ऑलिव्ह मागं उभी होती. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"बरं," ती म्हणाली. मग पुढं येत, "पडला-बिडला नाही ना रे तो? लागलं नाही ना त्याला?"

"नाही," एलिसन म्हणाला. ते तरी खरं होतं.

मग त्यानं सामना सांगितला. पहिल्यापासून सांगायची रीत होती. डन्स्टननं टाकलेला चेंडू सांगितला, मलाईताच्या पोराचं डोकं सांगितलं. शेवटाला आल्यावर त्यानं हेड्लीचा फटका कोपऱ्यात घातला आणि डन्स्टनला दांड्यावरून वर पाठवलं. आजवर त्यानं कधी काही रचलं नव्हतं. रचायला काही लागत नाही हे त्याला त्या दिवशी कळलं.

दोन दिवसांत गाणं आलं.

डन्स्टनचा चेंडू कुठं गं गेला?
चांदोबाला विचारा, त्यानं पाहिला.

"बार्नाबास, पोर आहे रे ते," एलिसन म्हणाला.

"मलाही आवडतो तो. पण आलेलं गाणं मी काय करू, दाजी? शिंक आली तर शिंकायचं नाही का?" बार्नाबास हसत नव्हता. हरल्याचं दुःख त्यालाही होतं. "गावानं रडायचं किती? काहीतरी म्हणायला नको?"

आधी पोरांनी म्हटलं, मग नदीवर कपडे धुणाऱ्या बायांनी. एक दिवस सकाळी ऑलिव्हच्या मळ्यात अळूचे कंद उपटून पडलेले दिसले. कुणी उपटले ते कळलं नाही. डुकरंही असतील, असं लोक म्हणाले. ती चर्चमध्ये पुढच्या रांगेत बसायची, आता दाराजवळ बसू लागली आणि शेवटचं 'आमेन' व्हायच्या आत उठून जाऊ लागली.

एलिसन तिच्याकडे रताळ्यांची करंडी घेऊन गेला. ती चुलीपाशी बसली होती. बाहेर पोरं गात चालली होती. गाणं दूर जाईपर्यंत ती चुलीत लाकूड सारत राहिली.

"तू कशाला मान खाली घालतोस, दादा?" ती म्हणाली. "जे ऐकलंस ते सांगितलंस. शंख धरणाऱ्याला आपलं-परकं नसतं. आई हेच म्हणायची ना? मी तर तिला मनात म्हटलं, बघ, दादानं भाच्यालाही नाही झाकलं."

एलिसनच्या ओठापर्यंत आलं होतं. चुलीतला धूर डोळ्यांत गेल्याचं निमित्त करून तो उठला. जहाज येईल तेव्हा हेड्ली गावात असेल, आपल्या घरात, आपल्या चटईवर. मग सांगू. तोवर लोकांचा रागही निवेल. असं तो रोज स्वतःला सांगत राहिला आणि रोज ते थोडं थोडं खरं वाटत गेलं.

जहाज आलं त्या दिवशी समुद्र तेलासारखा शांत होता. भोंगा वाजला. जसपरच्या आईच्या अंगणातून झाडूचा आवाज आला. सगळं गाव किनाऱ्यावर लोटलं. छोटी होडी जहाजापासून सुटली आणि त्यात दोन डोकी दिसली, शेजारी शेजारी.

एलिसननं दोघं एकत्र येतील असं धरलंच नव्हतं. का धरलं नव्हतं, कोण जाणे. ती दोघं जन्मात कधी वेगळी आली-गेली नव्हती.

होडी उथळात लागली. डन्स्टन पिशवी डोक्यावर घेऊन पाण्यात उतरला आणि पोरांनी सुरू केलं,

डन्स्टनचा चेंडू कुठं गं गेला?

तो आधी हसला. "कुठला चेंडू रे?"

"लाजू नको पोरा," बार्नाबास पुढं होऊन म्हणाला. "ये. हुकते एखाद्याची पेनल्टी. गाणं झालं, संपलं. आता जेवायला चल."

डन्स्टन पाण्यातच थांबला. त्यानं मागं हेड्लीकडे पाहिलं, मग वर, गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या मामाकडे. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर एलिसनला सोसला असता. लहानपणी कड्यावर रेडिओ मध्येच बंद पडला की तो असाच मामाकडे बघायचा, आता काय करायचं, अशा नजरेनं.

"हो, हुकली खरी," डन्स्टन म्हणाला. "चंद्राला लागली वाटतं."

लोक हसले. चांगल्या मनानं हसले. तेवढ्यावर ते मिटलंही असतं.

"खोटं आहे," हेड्ली म्हणाला.

तो होडीतच उभा होता. प्रवासभर त्यानं एक वाक्य घोकलं होतं, हे नंतर डन्स्टननं आईला सांगितलं. कठड्याला धरून उभा राहायचा आणि ओठ हलवायचा. ते वाक्य आता बाहेर आलं, पण घोकलं होतं तसं नाही.

"माझी हुकली. पाचवी माझी होती. डन्स्टननं मारलेली आत गेली. मी गावाची माफी मागायला आलोय." मग त्याचा आवाज खाली आला. "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

 एक लहान मुलगी तेवढी म्हणाली, "शंखानं."

सगळा किनारा एलिसनकडे वळला. नेस्टानं तोंडावर हात घेतला. बार्नाबास काठीवर दोन्ही हात ठेवून वाळूकडे बघत राहिला. ज्या तोंडानं गाणं रचलं ते कुठं ठेवावं हे त्याला कळत नसावं.

हेड्ली पाण्यातून चालत आला आणि बापासमोर उभा राहिला. तो उंच झाला होता. डोळ्यांखाली काळं होतं.

"तू परत यावास म्हणून," एलिसन म्हणाला. "जसपरसारखं होऊ नये म्हणून."

"मी आलोच होतो ना, बाबा."

"हो."

"मी घाबरलो नव्हतो. म्हणजे, होतो. पण जहाजावर मनात म्हणत होतो, बाबांनी सांगितलं असेल. आजवर जगातल्या सगळ्यांचं सांगत आलेत. कोण कसा धावला, कुणाचा पाय कसा पडला. आता माझंही सांगितलं असेल. हुकलेलं तर हुकलेलं." तो थांबला. "केवड्यापाशी उभा राहून मला कधी नीट ऐकू आलं नाही. वाटलं, या वेळी गावाला विचारीन, बाबांनी माझं कसं सांगितलं."

 आयुष्यभर एलिसननं इतके सामने सांगितले होते, आणि त्याच्यापाशी एक शब्द नव्हता.

त्याच दुपारी निरफणसाखाली म्हातारे बसले. एलिसननं आपली तिन्ही डुकरं दोर बांधून आणली होती, पैशासारख्या चालणाऱ्या शंखमण्यांच्या माळा आणल्या होत्या, होडीही ओढत आणली होती, पिवळी. त्यानं सगळं ऑलिव्हसमोर ठेवलं आणि तो बाजूला उभा राहिला.

घारीच्या कुळातला सर्वांत म्हातारा माणूस दोन्ही डोळ्यांनी आंधळा होता. त्याला शेजारच्यानं काय काय आणलंय ते सांगितलं.

"हे परत ने," म्हातारा म्हणाला.

"कमी पडत असेल तर..."

"कमी-जास्तीचा प्रश्न नाही रे. दंड परक्या कुळाला देतात. दिला की भांडण मिटतं, दोन्हीकडचे एकत्र जेवतात. तू घाव घातलास तो स्वतःच्या कुळावर. उजव्या हातानं डाव्याला डुक्कर द्यायचं? ते कोण घेणार आणि कोण जेवणार? याला आपल्यात रीत नाही. रीत असती तर मी सांगितली असती."

एलिसननं बहिणीकडे पाहिलं. ऑलिव्ह डुकरांकडे बघत होती.

"दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं असतंस," ती सावकाश म्हणाली, "तर सुटला असतास, दादा."

ती रागावली नव्हती. हळूच उठली आणि डन्स्टनच्या हाताला धरून घराकडे गेली. डुकरं दोरीला हिसके देत राहिली. शेवटी नेस्टानंच ती सोडून घरी नेली.

हेड्लीनं आईच्या हातचं खाल्लं. तिच्या मांडीवर थोडा वेळ डोकं ठेवून पडला. जहाजात खोबऱ्याची पोती चढवून झाली, भोंगा वाजला, तसा तो उठला. नेस्टा त्याला सोडायला पाण्यात कमरेपर्यंत गेली. एलिसन दाराशी उभा होता. जाताना हेड्लीनं त्याला वाकून नमस्कार केला, जसा परक्या म्हाताऱ्याला करतात तसा, आणि तो गेला.

डन्स्टन राहिला. त्यानं आईचं छप्पर शाकारलं, मळा पुन्हा लावला. वाटेत भेटला की "मामा" म्हणून हाक मारायचा, हसायचाही. पण कड्यावर तो पुन्हा चढला नाही. बार्नाबासनं त्यानंतर एकही गाणं केलं नाही. कुणी सुचवलं तर म्हणायचा, "कशावर करू? काय खरं, मला काय ठाऊक?"

शंख कुणी काढून घेतला नाही. घेतला असता तर बरं झालं असतं. पावसाळ्यात तो आंधळा म्हातारा मेला. एलिसननं कड्यावरून लांब सूर फुंकला. खाली लोक आधी म्हाताऱ्याच्या घरी जाऊन बघून आले, मग नगारा वाजला.

पुढच्या वर्षी बेटांची स्पर्धा लागली. सामना वानुआतूशी होता, फार मोठा नव्हे. एलिसननं बॅटऱ्या उन्हात मांडल्या. वाळवताय की खोबरं, असं विचारायला कुणी आलं नाही. निरफणसाखाली दोन कुत्री झोपली होती. तो कड्यावर गेला आणि रेडिओ लावून बसला.

हेड्ली खेळत होता. रेडिओवरच्या माणसानं नाव घेतलं तेव्हा एलिसननं रेडिओ मांडीवर घेतला. खेळ संपायला थोडंच उरलं होतं, बरोबरी होती, आणि मग तो माणूस ओरडायला लागला. "वागासी! वागासीनं दोघांना चुकवलं, अजून त्याच्याकडेच आहे, आणि गोल! गोल, हेड्ली वागासी!"

एलिसन उठला. घाईनं उचललेला शंख दातांवर आपटला. एक लांब. दोन आखूड. जितका दम होता तितका लावून.

खाली चुलींचा धूर सरळ वर चढत होता. एक बाई किनाऱ्यावरून करंडी घेऊन चालली होती. ती थांबली नाही. नगारा वाजला नाही. वारा उलटा असेल असं वाटून त्यानं पुन्हा फुंकला, मग पुन्हा. ओठ फुटून रक्ताची चव आली तेव्हा थांबला. शिट्टी झाली. आपण जिंकलो होतो. हेड्ली कसा धावला असेल, उजवा खांदा कसा पडला असेल, सगळं त्याला दिसत होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, शब्दासकट.

उतरताना केवड्यापाशी तो सवयीनं थांबला. मग घरी आला. नेस्टा चुलीवर मासे भाजत होती. तिनं मान वर केली नाही.

"ऐकलंस?" एलिसन म्हणाला. "शंख?"

"ऐकला."

"हेड्लीनं..." तो दम खायला थांबला.

नेस्टानं मासा उलटला. तिचा आवाज कठोर नव्हता, फक्त थकलेला होता.

"राहू द्या," ती म्हणाली. "जहाज आलं की कळेलच."